उजवीकडं फिरव

रात्री दोनला न्हाणीतला नळ
माझ्या हातात आला. सगळाच, आट्यांसकट.
आणि भिंतीतून पाणी असं सुटलं
जसं इतकी वर्षं कुणी त्याच्या तोंडावर हात दाबून ठेवलेला.

वस्तीचं नाव चंदनझिरा.
झिरा नावातच. नळाला पाणी अकराव्या दिवशी.
ते कालच आलेलं;
वर टाकीत हजार लिटर, काठोकाठ,
पुढच्या दहा दिवसांचा भात, चहा, केस, फरशी,
संघमित्राच्या शाळेचे दोन गणवेश,
सगळं त्या भोकातून माझ्या पोटऱ्यांवर आदळायलेलं.

आधी तळहात लावला.
मग ओढणीचा बोळा.
मग फडक्यात गुंडाळलेला मक्याचा बुरकुंडा,
आई रांजणाच्या भोकाला लावायची तसा.
तो उडून आरशावर गेला.

हे रात्रपाळीला, सळईच्या कारखान्यात.
फोन गेटवर जमा.
मुख्तार प्लंबरचा नंबर कॅलेंडरच्या मागं,
गॅसवाल्याच्या खाली, पेन्सिलीनं.
झोपेतच म्हणाले,
“भाभी, हात मत लगाओ. पहले उप्पर का कॉक बंद करो.”
कुठंय कॉक?
पलीकडं नुसता श्वास.
“टाकी मैं नहीं बिठाया. वो तो भैया कोच मालूम.”

सात वर्षं या घरात.
नळ यायच्या आधी पाइपात हवा शिंकते,
ते मला झोपेत कळतं.
पहिल्या किती बादल्या गढूळ, कुणाची मोटर किती ओढते,
कुठला टँकरवाला पाऊण टाकी भरून पूर्ण म्हणतो,
पाणी आणायचं सगळं येतं मला.
थांबवायची वेळ कधी आलीच नव्हती.

लोखंडी शिडी. तोंडात टॉर्च.
खाली संघमित्रा पातेली, कुकर, घमेलं,
शेवटी स्वतःची शाळेची बाटलीसुद्धा
भिंतीला लावत सुटलेली.

वर दोन कॉक.
एक फिरवला. खालून ओरडली,
“मम्मी, ह्यो नाही! वाहायलंच!”
दुसऱ्याच्या मुठीवर क्षाराचं पांढरं कवच,
बोटभर जाड. हलेचना.
खोबरेल ओतलं. चपलेनं ठोकला.
कठड्यावर ठेवलेल्या फोनमधून मुख्तारभाई:
“सीधे हात को. घडी के जैसा.”
पण घड्याळ समोर धरायचं का पाठीमागून,
अंधारात तेच उमजेना.
एकदा उलटा फिरवायला गेले, तळहाताची साल निघाली.

तोवर गल्ली जागी झालेली.
कौसाबाई दोन कळश्या घेऊन न्हाणीच्या दारात,
मागं तिची सून, तिच्यामागं कुलकर्ण्यांचा पोरगा, रंगाचा डबा हातात.
कुणी काही विचारलं नाही.
“जायलंय तर भरू दे की,” एवढंच.
संघमित्रा बाजूला सरकली.
मी वरून बघत होते, माझं पाणी
लोकांच्या भांड्यांत किती वेगवेगळ्या आवाजात पडतं.
स्टीलमध्ये एक. प्लास्टिकमध्ये एक.
पितळेत सगळ्यात खोल.

मग मूठ पाव फेरा सरकली.
कवच खपलीसारखं तुटून नखात घुसलं.
अजून थोडी. अजून.
आवाज बारीक झाला, सुतळीएवढा, दोऱ्याएवढा,
मग थेंब.

खाली सगळे गप्प.
“थांबलं,” कौसाबाई म्हणाली.
तिची दुसरी कळशी अर्धीच होती.
ती तशीच कमरेवर घेऊन गेली.

टाकीला बोटांनी वाजवत खाली आले,
पोकळ, पोकळ, पोकळ,
गुडघ्याशी भरीव. चार दिवसांचं.
फार हात राखून पाच.

सकाळी मी वर,
लाल नेलपॉलिशनं कॉकवर बाण काढत,
संघमित्रा डोळे मिटून मूठ चाचपत.
हे आले. गल्ली अजून ओली.
फाटकाशी थबकले, डबा काखेत,
तोंडभर हसून वर बघत म्हणाले,
“नळ आले का काय?”